निळ्या चौकड्याची सुनावणी

माधवनगरात आमच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडात आईचे चार यंत्रमाग होते. त्यातले दोन बंद पडलेले. भंगारवाला अधूनमधून येऊन ते न्याहाळायचा, स्थळ बघायला आल्यासारखा. आई त्याला चहा विचारायची नाही, एवढाच आमचा प्रतिकार. शाळांच्या गणवेशाच्या कापडाचं टेंडर मिळालं, तर माग वाचणार होते.

साताऱ्याकडच्या एका नगरपालिकेत आम्ही टेंडर भरलं आणि निळ्या चौकड्याच्या कापडाचा नमुना जोडला. आमचा दर सगळ्यांत कमी निघाला, टेंडर दुसऱ्याला गेलं. कारण दिलं, ‘धुतल्यावर रंग जातो.’ कुणी धुतलं, कशात धुतलं, काही नाही.

मी पत्रकं वाटणारी, चौकात माईक हाती आला की न सोडणारी. आई म्हणाली, “बोंबलू नगंस. वर रीतसर तक्रार कर.” केली. चौकशी स्वतंत्र अधिकारी करतील, असं उत्तर आलं. ‘स्वतंत्र’ वाचून, खोटं कशाला बोलू, मला जरा भरून आलं.

स्वतंत्र अधिकाऱ्यांनी सगळ्यांत आधी आमची तक्रार अहवालासाठी त्याच नगरपालिकेकडे धाडली. नगरपालिकेने स्वतःला तपासलं आणि स्वतःत काही दोष आढळला नाही, असं कळवलं. साधूसंतांनाही इतक्या लवकर स्वतःचा निकाल लावता येत नाही. मग सुनावणी ठेवली. तीही सोयीसाठी नगरपालिकेतच, त्यांच्याच टेबलावर, त्यांच्याच चहावर.

“नमुना उपलब्ध नाही,” अधिकारी म्हणाले. “तपासणीत नष्ट झाला.”

तेवढ्यात शिपाई चहा ठेवायला आला. आधी त्याने टेबल पुसलं. हातात निळा चौकडा. कचेरीत आलेला कापडाचा नमुना वाया जात नाही, हे आम्हाला तेव्हा कळलं.

आईने फडक्याचं टोक धरलं. “मामा, हे कवापासनं वापरताय?”

“टेंडर उघडलं तवापासनं. रोज धुतोय की आक्का. लय चिवट कापड हाय.”

“रंग गेला का वं?”

“छ्या. माझा शर्ट विटला, ह्याला काय न्हाई.”

खोलीत सगळ्यांनाच एकदम चहाची तल्लफ आली. स्वतंत्र अधिकाऱ्यांनी बशीत चहा ओतला, फुंकला, प्यायला आणि म्हणाले, “हे फडकं रेकॉर्डवर नाही.”

“मग न्हिऊ का घरी?” आईने विचारलं. रेकॉर्डवर नसलेली वस्तू अडवायची कशी, हे कुणालाच सुचलं नाही. तिने ती घडी घालून पिशवीत टाकली.

निकाल आला, तक्रारीत तथ्य नाही. पुढच्याच आठवड्यात भंगारवाला टेंपो घेऊन आला. बंद पडलेले दोन्ही माग चढवण्याआधी आईने ते त्याच फडक्याने पुसले, सांध्यांतलं काळं तेलसुद्धा. मग फडकं घासून धुतलं आणि रस्त्याकडेच्या तारेवर वाळत टाकलं. अजून तिथेच असतं. निळं आहे. स्वतंत्र अधिकारी कधी माधवनगरवरून गेले, तर गाडीची काच खाली करायचीही गरज नाही, आतूनच दिसेल.