जेद्दात स्लोव्हेनियाचा स्टॉल

किस्से काही कुणी ठरवून जमा करत नाही. आमच्या गोडाउनमध्ये जुनी कार्पेटं साठतात तसेच हे साठतात. फेकायचं राहून जातं आणि एक दिवस दार उघडायला जागा उरत नाही. मी जेद्दात एका इव्हेंट कंपनीत सुपरवायझर आहे. प्रदर्शनाचे स्टॉल उभे करायचे, आठवडाभर सांभाळायचे, पाडायचे, पुन्हा उभे करायचे. बावीस वर्षं हेच चाललंय. टाइल्सचे केले, टायरचे केले, खजुराचे केले. पण सांगण्यासारखं जे काही घडलं, ते सगळं एकाच स्टॉलवर. स्लोव्हेनियाच्या.

स्लोव्हाकिया नव्हे, स्लोव्हेनिया. इटलीच्या शेजारी. हे वाक्य मी इतक्यांदा बोललोय की आता झोपेतून उठवलंत तरी बोलेन.

पुस्तक मेळ्याला दर वर्षी तिथून मोयत्साबाई येतात. पन्नाशीच्या, बारीक अंगाच्या, दोन बॅगा भरून पुस्तकं घेऊन. त्यांच्या ऑफिसचं कामच मुळी आपली भाषा आणि आपली पुस्तकं परदेशात पोचवायचं. कुठे मेळा, कुठे कवितावाचन, कुठे ऑनलाइन वर्ग. वरती एक डायरेक्टर आहेत. ते दर वर्षी बाईंना विचारतात, "सौदीत आपल्याला वाचतं कोण?" यंदा त्यांनी लेखीच कळवलं. धड उत्तर मिळालं नाही तर जेद्दाचा स्टॉल बंद, ऑनलाइन वर्ग बंद, आणि बाईंनी ऑफिसात बसून फायली लावायच्या.

बाईंनी हे मला हसत हसत सांगितलं. मला काही हसू आलं नाही. त्यांच्या स्टॉलवर मी जितकी कुरकुर केली तितकी कुठेच केली नसेल, पण वाईट वाटलं ते वाटलंच.

*

पहिल्या वर्षीचं सांगतो. स्टॉलच्या मागच्या भिंतीवर एक लांब कविता लावायची होती. त्यांच्याच भाषेत, सहा पॅनेलांवर छापलेली. आमचे सुतार दिलावरचाचा, दापोलीकडचे. माझ्याही आधीपासून इथे आहेत. इथे सगळं उजवीकडून डावीकडे वाचतात, त्यामुळे आमची पॅनेलंही उजवीकडूनच चढतात. एक नंबर उजव्या टोकाला, सहा नंबर डाव्या टोकाला. चाचांनी बिनचूक लावली. लेव्हल धरून, एका रेषेत.

सकाळी मोयत्साबाई आल्या आणि मटकन खुर्चीत बसल्या. कविता शेवटाकडून सुरू होऊन सुरुवातीला संपत होती. अर्ध्या तासात उद्घाटन. मी चाचांवर ओरडलो, चाचा माझ्यावर ओरडले, "इंग्रजी असती तर कळलं असतं, सावंता! हे कुणाला वाचता येतंय?"

ज्यांची कविता होती ते म्हातारे कवी तेवढ्यात स्वतःच आले. भिंतीसमोर उभे राहिले, डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत सावकाश चालत वाचलं. मग बाईंना म्हणाले, "राहू दे असंच. शेवट मला कधी जमलाच नव्हता."

*

ही भाषा बोलणारी माणसं किती, असं चाचांनी बाईंना एकदा विचारलं. मी मधे दुभाष्या. बाईंनी सांगितलं, वीस लाखांच्या आसपास.

चाचांनी मनातल्या मनात हिशेब केला. "म्हणजे आपली रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग धरून जेवढी माणसं, जवळपास तेवढीच की. मग सगळे एकमेकांचे पाहुणेच लागत असतील."

मी ते इंग्रजीत सांगितलं. बाई म्हणाल्या, "हो. म्हणूनच वाचक बाहेर शोधावे लागतात. घरचे लोक पुस्तक फुकट मागतात."

*

डायरेक्टरांना आकडे हवे असत. म्हणून बाईंनी एक फॉर्म काढला. नाव, फोन, आवडता लेखक, आमच्या वर्गात काय शिकायला आवडेल. फॉर्म भरला की कापडी पिशवी भेट.

आता युरोपातल्या देशाचा झेंडा, गोरी बाई, टेबलावर फॉर्म. आपल्या माणसाला काय वाटणार? तासाभरात रांग लागली. कुणी इकाम्याची, म्हणजे इथल्या राहण्याच्या परवान्याची, झेरॉक्स जोडली, कुणी पासपोर्ट साइज फोटो. बाई हरखल्या. "मिस्टर सावंत, एवढे वाचक!" मला सांगवेना.

संध्याकाळी फॉर्म लावायला बसलो. 'आवडता लेखक'च्या पुढे लिहिलं होतं, "एसी टेक्निशियन, सात वर्षं गल्फ अनुभव." त्याच्या खालच्यानं लिहिलं होतं, "कोणताही चालेल. लगेच जॉइन होऊ शकतो."

बाईंना खरं सांगितलं तेव्हा त्यांनी सगळे फॉर्म पुन्हा एकदा वाचून काढले. मग त्यातला एक बाजूला ठेवला. पार पूर्व किनाऱ्यावरच्या रास अल खैरच्या प्लांटवरचा, सुट्टीत जेद्दाला आलेला कुणी वेल्डर होता. त्यानं 'काय शिकायला आवडेल' समोर लिहिलं होतं, "काहीही." बाई म्हणाल्या, "हा आमचा."

*

मग आला व्हिडिओचा प्रोजेक्ट. त्यांच्या भाषेतली एक कविता, जगातल्या जमतील तितक्या भाषांत, त्या त्या भाषेच्या माणसानं वाचायची आणि ऑनलाइन टाकायची. मराठीसाठी बाईंनी माझा पिच्छा पुरवला. मी म्हटलं, माझ्या आवाजात कविता म्हणजे अनाउन्समेंट वाटेल. शेवटी माझ्या मुलीला, सईला बसवलं. इंग्रजीवरून मराठी मीच केलं, तीन शुक्रवार घालवून.

सई इथल्या इंडियन स्कूलमध्ये दहावीला. मी मराठीत विचारतो, ती इंग्रजीत उत्तर देते. 'ओसरी' शब्दाशी अडली. "पप्पा, व्हॉट इज ओसरी?" चिपळूणच्या घरात ओसरीवरच ही रांगायला शिकली होती. मी रेकॉर्डिंग बंद केलं. बाई शेजारी बसून ते बघत होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "सांगा तिला. थांबू आपण." अर्धा तास थांबल्या. मी कागदावर घर काढून दाखवलं.

व्हिडिओ तुफान चालला. सगळ्या भाषांच्या व्हिडिओंत मराठीच्याच खाली सर्वांत जास्त कॉमेंट आल्या. म्हणाल्या, डायरेक्टरांना पाठवायच्यात, भाषांतर करून द्या. मी वाचल्या. "अगोबाई, सई केवढी झाली!" "अगदी आजीवर गेली." "वहिनी, पडदे कुठून घेतले?" एका मामेभावानं तर स्थळच सुचवलं होतं.

मी लिहून दिलं, "वाचक भारावून गेले."

*

आता हा यंदाचा.

डायरेक्टरांनी शुक्रवारी दुपारी चारची ऑनलाइन मीटिंग ठेवली होती. जेद्दाचे वाचक स्क्रीनवर दाखवा, मी स्वतः बोलेन, मग ठरवू. बाई आदल्या आठवड्यात मेळा संपवून परत गेल्या होत्या. त्या तिकडून, मी इकडून. वर्गात नावं भरपूर होती. मी एकेकाला फोन लावले. एकाची ड्यूटी लागली, एक सुट्टीवर केरळला, एकाला सर्टिफिकेट हवं होतं ते आधीच मिळालं होतं. चारला पाच कमी असताना स्क्रीनवर मी एकटा. बाईंचा चेहरा दिसत होता. त्या माझ्याकडे बघून मान हलवत होत्या, असू दे म्हणून.

आणि बेल वाजली. दारात दिलावरचाचा. जुम्म्याचा इस्त्रीचा कुर्ता, केसांना तेल. म्हणाले, "आमच्या लेबर कॅम्पात नेट नाही चालत. मॅडमनी मला पण सांगितलं होतं."

मी त्यांना खुर्चीत बसवलं, पण मनातून खचलोच. त्यांच्या भाषेचा वाचक म्हणून डायरेक्टरांना मी सुतार दाखवणार होतो.

डायरेक्टर आले. चष्मा, टाय, हातात पेन. इंग्रजीत विचारलं, "हे गृहस्थ आमची भाषा वाचतात?" मी ते चाचांना सांगितलं.

चाचांनी घसा साफ केला आणि कविता म्हणायला सुरुवात केली. यंदा स्टॉलच्या भिंतीवर होती ती, आख्खी. न अडखळता, डायरेक्टरांच्याच भाषेत. मी तोंडाकडे बघतच राहिलो.

मग आठवलं. त्या पॅनेलांच्या घोळानंतर बाईंनी छापील पॅनेलं बंद केली होती. आता फोमची कापलेली अक्षरं येतात, सुटी, आणि चाचा ती एकेक चिकटवतात. त्यांच्या काही अक्षरांच्या डोक्यावर बारीक टोपी असते. त्या टोप्या वेगळ्या पिशवीत येतात. टोपी घातली की आवाज बदलतो. चाचा प्रत्येक टोपी लावताना बाईंना खुणेनंच विचारायचे, आता हिला काय म्हणायचं? बाई म्हणून दाखवायच्या, चाचा म्हणायचे आणि मग चिकटवायचे. ओळ पुरी झाली की पहिल्यापासून सगळं पुन्हा म्हणायचे. तीन दिवस हेच चालायचं. काम लांबतंय म्हणून मी दोघांवर वैतागायचो.

कविता संपली. मोयत्साबाईंनी तोंडावर हात ठेवला होता. डायरेक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "याचा अर्थ काय होतो, सांगाल?"

मी विचारलं. चाचा म्हणाले, "अर्थ मॅडम बघतात. मी सरळ लावतो."

जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. मग डायरेक्टर पुढे झुकले आणि सरळ चाचांना म्हणाले, "पुढच्या वर्षी अक्षरं जरा मोठी पाठवू का? लांबून वाचता येतील."

मी सांगितलं. चाचांनी थोडा विचार केला.

"मोठी नको म्हणावं. लहान असली की माणूस जवळ येतो."