पंच्याऐंशीची लेन्स

आमचे हे दाढी करायला लागले की खुर्चीतला माणूस झोपायचा. खोटं सांगत नाही, घोरायचा. बँकेतल्या साहेबांना एकदा अशी काही झोप लागली की त्यांच्या बायकोचा फोन मी उचलला. मी म्हटलं, "उठवू का?" ती म्हणाली, "छे, झोपू दे. घरी आले की बोलतच बसतात." असा ह्यांचा हात. एरवी माणूस इतका भिडस्त की भाजीवाल्याने कुजकी भेंडी घातली तरी मुकाट्याने घेऊन येईल. पण हाताबद्दल कुणी काही बोललं की संपलं, नाकावर माशी बसू द्यायचे नाहीत.

सलून दोन भावांचं. दोन खुर्च्या, समोर आरसा, आणि दाराशी गल्ल्यावर मी. दरवाज्याकडची खुर्ची ह्यांची, आतली माझ्या धाकट्या दिरांची. दुकान एवढं अरुंद की एक जण झाडायला वाकला तर दुसऱ्याने पाय उचलायचे.

आधी ह्यांच्या हातातला चहाचा कप बशीत वाजायला लागला. मी म्हटलं, थकलाय. मग कंगवा खाली पडायला लागला. मग एक दिवस शिंपीबुवांच्या कानामागे चिरलं. शिंपीबुवा म्हणजे आमचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. बिचाऱ्यांनी तुरटी लावून घेतली आणि ते गेले. पुढच्या वेळी आले ते सरळ आतल्या खुर्चीत जाऊन बसले, ह्यांच्याकडे मानसुद्धा वळवली नाही. त्यापेक्षा दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

डॉक्टरांकडे आम्ही दोघंच गेलो. डॉक्टर म्हणाले, "गोळीने थोडं दबेल. पण हे वाढत जाणार, कमी व्हायचं नाही." जिन्यात आल्यावर हे मला म्हणाले, "भाऊला यातलं अक्षर कळता कामा नये." मी भाऊजींना सांगितलं, हात उशाखाली घेऊन झोपतात, अवघडलाय. ही गोष्ट आजवर फक्त आम्हा दोघांत आहे.

भाऊजी वाईट नाहीत, उगाच कशाला बोलू. त्यांनी महिनाभर वाट पाहिली आणि मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "दादा, तू आता गल्ल्यावर बस. वहिनीला घरी आराम मिळेल. तुझ्या खुर्चीवर एक कारागीर ठेवू." ह्यांचा चेहरा असा झाला की मला भाऊजींच्या डोक्यात पावडरचा डबा घालावासा वाटला. ज्या माणसाने ह्याच भावाच्या हातात पहिल्यांदा कात्री दिली, तो आता बसून सुटे पैसे मोजणार!

त्यावर हे म्हणाले, "मी फोटो काढीन."

"कसले फोटो?" भाऊजींनी विचारलं. हे म्हणाले, "माणूस कटिंग करून खुर्चीतून उठतो ना, त्या घटकेला तो जितका नीट दिसतो तितका नंतर कधीच दिसत नाही. बाहेर पडला की वारा, घाम, कटकटी. मग त्याच घटकेला फोटो का काढू नये?" खरं सांगू, मला पटलं. भाऊजींनाही पटलं असावं. ते म्हणाले, "एक महिना करून बघ. जमलं तर तुझी जागा तुझीच. नाही जमलं तर कारागीर येईल." म्हणजे आता सगळं ह्या फोटोंवर आलं.

कॅमेरा माझ्या भावाचा होता, कपाटात पडून. कॅमेरा ठणठणीत, पण लेन्सला आतून बुरशी धरलेली. तेव्हा पहिली खरेदी लेन्सची. गेलो दोघं दुकानात. दुकानदार चकाचक टकल्या. हे माझ्या कानात म्हणाले, "याला काय कळणार चेहऱ्यातलं!" मला हसू आवरेना. फार दिवसांनी त्यांनी काहीतरी थट्टा केली होती, म्हणून मी जरा जास्तच हसले.

पण टकल्या हुशार निघाला. त्याने काचेवर तीन लेन्स मांडल्या. पहिली पन्नास मिलिमीटरची, मुठीत मावेल एवढी. "सुरुवातीला सगळे हीच घेतात," म्हणाला, "पण चेहऱ्यासाठी फार जवळ जाऊ नका, नाहीतर नाक मोठं दिसतं." दुसरी पंच्याऐंशीची, जाडजूड. "चेहऱ्याची राणी आहे ही. लांब उभं राहायचं. नाक नाकासारखं, डोळे डोळ्यांसारखे, मागचं सगळं पुसट." तिसरी जरा लांबुळकी. "ही थोडी कमी देखणी आहे. पण हिच्या आत सोय आहे, हात हलला तरी फोटो हलत नाही. पंच्याऐंशीत ती सोय नाही, आणि लांबची लेन्स म्हटली की हात जरासा हलला तरी फोटोत दिसतं. वयस्कर मंडळी हीच नेतात. काका, तुमचा हात कसा आहे?"

ह्यांनी उजवा हात खिशात घातला.

"आमचा हात वस्तऱ्यावर बसलेला आहे," हे म्हणाले. "ती राणी द्या."

मी बोलू शकले असते. तिसरी द्या हो, एवढंच म्हणायचं होतं. पण त्या टकल्यासमोर मी तसं म्हटलं असतं तर हे तिथेच खचले असते. आजही मी गप्पच बसेन, कुणाला काय म्हणायचंय ते म्हणो.

राणी घरी आली. पहिल्याच दिवशी कळलं, आमच्या दुकानात तिला जागाच नाही. गिऱ्हाईक खुर्चीत, तर हे पार उंबऱ्यावर. पाठीमागून फुटपाथवरचे लोक धक्के मारत जाणार. आणि दुसरी पंचाईत अशी की ह्यांचं सगळं कसब जवळचं. हनुवटीखाली बोट लावलं, डोक्यावर हात ठेवला, दोन शब्द कानाशी बोलले की माणूस सैल पडायचा. इकडे हे लांब गेले की तोच माणूस पोलिसांनी पकडल्यासारखा ताठ. तरी हे उत्साहात. "हळूहळू होईल," म्हणायचे.

फोटो पुसट यायचे. मागचं नव्हे, चेहराच पुसट. दोन दोन भुवया, ओठाला ओठाची सावली. हे म्हणाले, ट्यूबलाइट बेकार आहे. ती बदलली. मग म्हणाले, समोरून ट्रक जातात, जमीन हादरते. मग म्हणाले, त्या टकल्याने वापरलेली लेन्स गळ्यात मारली. गिऱ्हाइकं भली, "छान आहे हो" म्हणायची आणि फोटो न घेताच जायची. भाऊजी एकदा म्हणाले, "दादा, स्टँड लाव ना." हे ताडकन म्हणाले, "वस्तरा कधी स्टँडला लावून चालवला होता का मी?" मीसुद्धा घरी म्हणून पाहिलं. जेवत होते, ताट सरकवलं आणि उठले. त्यानंतर मी त्यावर ब्र काढला नाही.

महिना संपायला आला तेव्हा सुट्टीच्या दिवशी दुपारी मला म्हणाले, "चल दुकानात. तुझा काढतो. उजेड चांगला आहे. एक तरी चांगला निघाला की भाऊला दाखवता येईल." मी ठेवणीतली साडी नेसले. लग्नाला इतकी वर्षं झाली, ह्यांच्या खुर्चीत मी कधी बसले नव्हते. त्यांनी माझे केस विंचरले. कपाळावरची बट मागे सारताना त्यांची बोटं माझ्या कानाशी टकटक करत होती. आरशात मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. मग ते उंबऱ्यावर गेले.

मी दगडासारखी बसले. श्वाससुद्धा जपून घेत होते. देवा, एक तरी नीट येऊ दे, एवढंच मनात.

खटकन आवाज झाला. त्यांनी कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर फोटो पाहिला. मोठा करून पाहिला. बराच वेळ पाहिला.

"हललीस तू," ते म्हणाले.

"हो," मी म्हटलं. "हलले बाई. पुन्हा काढा."

पुन्हा काढला. पुन्हा पाहिला. "परत हललीस."

"काय करू, मेलं माझं अंगच स्थिर नाही."

असे किती काढले कोण जाणे. प्रत्येक वेळी त्यांनी म्हणायचं आणि मी हो म्हणायचं. शेवटी ते म्हणायचेही थांबले. लेन्सचं झाकण लावायला गेले, ते बसेना. मी उठून लावून द्यावं तर तेही करता येईना. मी खुर्चीतच बसून राहिले आणि ते झाकणाशी झटापट करत राहिले.

पुढच्या आठवड्यात मी ह्यांचा डबा घेऊन दुकानात गेले. दाराकडच्या खुर्चीवर नवा कारागीर कात्री चालवत होता, चलाख पोरगं. गल्ल्यावर हे. शिंपीबुवा दाढी करून उठले आणि ह्यांना म्हणाले, "काय हो, फोटो काढणार होतात ना?"

"काढले असते," हे हसून म्हणाले, "पण आमच्या मंडळींना एका जागी बसवेल तर शपथ. हिच्यापायी राहिलं बघा सगळं."

सगळे हसले. भाऊजीही हसले. मी म्हटलं, "लहानपणापासून अशीच चुळबुळी आहे हो मी," आणि सगळ्यांपेक्षा मोठ्याने हसले.

शिंपीबुवांनी नोट दिली. हे सुटे पैसे काढायला गल्ल्यात हात घालून बसले. सगळे ह्यांच्याकडेच बघत होते, आणि हे काही हात बाहेर काढेनात.