एका भाकरीचं पीठ

चंद्रावतीबाईंनी मत कोणाला दिलं, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. पेणला रामवाडीत आमची घरं भिंतीला भिंत लागून. कोणाच्या चुलीवर काय शिजतंय ते वासावरून सांगणारी मी. पण या बाईने मला दाद लागू दिली नाही.

त्या ख्रिस्ती. दवाखान्यात आया होत्या. मी पापड लाटणारी, त्यामुळे माझं लक्ष आधी पिठाकडे जातं. महिन्यातून एका शनिवारी त्यांच्याकडे तांदळाच्या पिठाच्या पुरचुंड्या यायच्या, पेणच्या घरांतून आणि रोह्याच्याही. बाई सगळं पीठ एकत्र चाळायच्या, उकड मळायच्या आणि एकच मोठी भाकरी थापायच्या. दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये पाळक ती मोडून प्रत्येकाला तुकडा देत. त्याला ते प्रभुभोजन म्हणतात. एका भाकरीसाठी एवढ्या घरांचं पीठ कशाला, हे कोडं मला पहिल्यापासून होतं. विचारलं की बाई म्हणायच्या, "एकाच घरच्या पिठाची ती त्या घरची भाकर झाली गो काशी."

पंच्याण्णवच्या निवडणुकीत त्यांचा मुलगा जगन एका उमेदवाराच्या जीपमध्ये बसला आणि रोह्याला राहणारा सख्खा भाऊ बाबाजी दुसऱ्याच्या. वडखळच्या नाक्यावर दोन्ही जीपा समोरासमोर आल्या. मामा-भाच्यांनी कर्ण्यावरून एकमेकांची अशी लाज काढली, की चहावाल्याचा चहा उतू गेला. तेव्हापासून पेणची घरं जगनच्या बाजूला, रोह्याची बाबाजीच्या. निकाल लागला तरी राग उतरेना. शेवटी रोहेकरांचा निरोप आला: एवढं एक भोजन एकत्र करू, पुढच्या महिन्यापासून आमची उपासना रोह्यात, वेगळी. मंडळी मुळात मूठभर. ती फुटली की बाईंचा मुलगा इकडे आणि भाऊ तिकडे. बाईंना जेवण जाईना. मला तर दोघांच्याही कानाखाली वाजवावीशी वाटत होती.

त्या शनिवारी मी मुद्दाम त्यांच्या ओट्यावर जाऊन बसले. जगनने पुरचुंडी आणून ठेवली. "आये, मामाच्या पिठात माझं पीठ मिसळू नको." थोड्या वेळाने रोह्याच्या एसटीने बाबाजीची बायको आली. "वन्सं, यांनी सांगितलंय, जगनच्या पिठात आमचं घालू नका." आता गंमत बघा, पीठ द्यायचं मात्र दोघांपैकी एकानेही सोडलं नव्हतं! न देणारा मंडळीतून बाहेर पडल्यासारखा दिसला असता ना. बाईंनी चाळणी हातात घेतली.

"मग आता दोन भाकऱ्या का?" मला राहवेना.

"परात एकच हाय," त्या म्हणाल्या.

रविवारी मी चर्चच्या दारात, चपलांपाशी उभी राहिले. मला कोणी बोलावलं नव्हतं, पण घरी बसणं शक्यच नव्हतं. पाळक भाकरी उचलणार तोच बाई उठल्या.

"पाळकसाहेब, आधी मला बोलू द्या. या भाकरीत समद्यांचं पीठ हाय. जगनचं हाय, बाबाजीचं बी हाय. नको सांगितलं व्हतं, तरी मी मिसळलं. ज्याला आपलं पीठ वेगळं काढता येतंय त्यानं काढून न्यावं. नायतर खावं."

मग बाबाजी उठला आणि तडक दाराकडे आला. मी बाजूला सरले. त्याने चपलेत पाय घातला, काढला, पुन्हा घातला. आत बाई तशाच उभ्या होत्या. मला वाटलं, संपलं सगळं.

तेवढ्यात जगन मागून आला. "मामा, चाललास? मग तुझ्या वाटचा तुकडा मी खाऊ काय?"

"तू? माझ्या वाटचा?" बाबाजी भडकला. चपला तिथेच टाकून तरातरा आत गेला आणि पहिल्या रांगेत बसला. जगन त्याच्या शेजारी. पाळकांनी भाकरी मोडली. माझा त्यांच्या देवाशी काही संबंध नाही, तरी मला रडू आलं.

बाहेर पडल्यावर दोघं पुन्हा निवडणुकीवरून भांडू लागले. भांडत भांडतच एसटी स्टँडकडे गेले, मामीची पिशवी जगनच्या हातात. रोह्याच्या वेगळ्या उपासनेचं नाव त्यानंतर कोणी काढलं नाही.

दुपारी बाई परात घासत बसल्या होत्या. मी शेजारी बसकण मारली. "आता तरी सांगा बाई. तुम्ही मत कोणाला दिलंत?"

परातीवर पाणी ओतत त्या म्हणाल्या, "तुला सांगितलं, तर पुढच्या महिन्याला एका घरचं पीठ यायचं नाय गो."