प्लगची वायर

पेट्रोलचा वास आला की मला हलसूरच्या तळ्यातली ती मोटरबोट दिसते. माझ्या थोरल्या बहिणीला, अक्काला, पाहायला आलेल्या मुलाला वडील फेरी मारून आणत होते; अक्का आणि मीही बोटीत होतो. मधोमध इंजिन फुरफुरून बंद पडलं. "स्वल्प ही प्लगची वायर धरा, स्पार्क येतो का बघू," असं 'जरा'ऐवजी कानडी 'स्वल्प' घालून म्हणत वडिलांनी इंजिनाची दोरी ओढली. झटक्यासरशी मुलगा किंचाळून बोटीत आडवा झाला. "स्पार्क आहे. मुलगा कच्चा आहे," वडील अक्काला म्हणाले आणि मघाशी स्वतःच बंद केलेला पेट्रोलचा कॉक त्यांनी उघडला. अक्काने ते पाहिलं. पुढची स्थळंही त्यांनी अशीच पारखून परत पाठवली. ते अंथरुणाला खिळले तेव्हा भरवायला घरात अक्काच होती. चुलीवरून उतरवलेली कढत पेज चमच्यात घेऊन ती शांतपणे म्हणायची, "स्वल्प तोंड उघडा." आता ती मला वाढते, आणि मी पेज गार होईपर्यंत थांबतो.