खंड्याचे दात आणि मोठ्या सरांची छडी

चार माणसं एका छपराखाली राहायला लागली की किस्से जमवावे लागत नाहीत. चहाच्या भांड्यात चोथा साचतो तसे ते साचतात, आणि वेळेवर बाहेर टाकले नाहीत तर पुढच्या चहाला वास येतो. आमच्या घरात चार माणसं होती आणि वर एक कुत्र्याचं पिल्लू. साचण्याचा वेग जरा जास्तच होता. त्यातले थोडे आज टाकतो.

आधी माणसं सांगतो. लढाई नुकतीच संपली होती. सातारा जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, कृष्णेकाठच्या एका गावात नवं हायस्कूल निघालं होतं. मी साताऱ्याचा. पुण्यात बी.ए. झालो आणि ‘नोकरी करीन तर खेड्यातच’ असं घरी भांडून तिथे शिकवायला गेलो. बरोबर होते संस्कृतचे दामले. मूळचे सांगलीचे, दिवसातून तीनदा हातपाय धुणारे. भूगोल आणि ड्रिलचे माने शेजारच्याच गावातल्या शेतकरी घरातले. आणि आम्हा तिघांचा स्वयंपाक करायला ज्ञानू हवालदार, खेचरांच्या पलटणीतून बर्मा बघून पेन्शनीत आलेला. आमची लग्नं व्हायची होती, हवालदाराची बायको वारली होती. म्हणून गावानं आमच्या घराला ‘मठ’ असं नाव ठेवलं होतं.

पिल्लू हवालदारानं आणलं. औंधच्या बाजाराला गेला होता, येताना धान्याच्या पिशवीत घालून घेऊन आला. तांबूस रंग, पांढरे पाय, वय जेमतेम महिना. नाव खंड्या. पहिल्या तासाभरात त्यानं चौघांनाही चावून ओळख करून घेतली.

“आईनं दात किती लावायचा ते शिकवायच्या आदीच तोडलंय त्याला,” हवालदार म्हणाला. “आता ते आपल्याला शिकवाय लागतंय.”

“कसं?” मी विचारलं.

“पायताणानं. दुसरं काय?”

मग मी बोललो. भीतीनं माणूस सुधारत नाही, जनावरही नाही. मारानं फक्त लपायला शिकतात, वगैरे. दामले म्हणाले पाऊण तास बोललो. मला तेवढा वाटला नाही.

हवालदारानं शांतपणे भाकरी उलटली. “मास्तर, मी नुसतं पायताण म्हणालो. तुमी तर डोस्क्यात दगुड घातला!”

*

हे बोलणं मोठ्या सरांपर्यंत गेलं. मोठे सर म्हणजे आमचे हेडमास्तर. पन्नाशीचे. दारोदार फिरून, लोकांकडून वासे आणि कौलं मागून त्यांनी ती शाळा उभी केली होती. गणित असं शिकवायचे की मलाही नव्यानं कळायचं. पण टेबलावर निरगुडीची छडी असायची आणि ती शोभेला नव्हती. ती शाळेतून जावी म्हणून मी आल्यापासून प्रत्येक स्टाफ मीटिंगमध्ये भांडत होतो.

त्या मीटिंगला मी तोंड उघडायच्या आधी तेच म्हणाले, “माणसाच्या पोराला बोललेलं कळतं, तरी छडी लागते असा माझा अनुभव आहे. तुमच्या पिल्लाला बोललेलं कळत नाही. त्याला न मारता चावायचं थांबवून दाखवा. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत. जमलं, तर ही छडी मी स्वतः चुलीत घालीन.”

“आणि नाही जमलं तर?”

“तर हा विषय मीटिंगमध्ये पुन्हा निघणार नाही. आणि अट एकच. तुमच्यापैकी कुणीही, एकदाही, त्याच्यावर हात उचलायचा नाही.”

“कबूल!” मी म्हणालो.  बाहेर पडल्यावर माने म्हणाले, “गड्या, अडीचशे पोरांच्या पाठी तू त्या कुत्र्याच्या दाताला बांधल्यास की रं!”

*

पद्धत माझी होती. लहानपणी साताऱ्याला शेजारच्या गोठ्यात पिल्लं खेळताना मी तासन् तास बघितली होती. एक जास्त जोरात चावलं की दुसरं किंचाळायचं आणि पाठ फिरवून निघून जायचं. खेळ खलास! चावणारं बिचारं एकटंच बसून विचार करायचं.

म्हणून मठाचा नियम झाला: दात लागला की जोरात ‘आई गं!’ म्हणायचं. मग एकट्यानंच नव्हे, सगळ्यांनी खंड्याकडे पाठ करायची आणि मनात तीस मोजेपर्यंत वळायचं नाही. बोलायचंही नाही.

“म्हंजे असहकार!” माने म्हणाले.

“असहकारच.”

“सायबाशी पंचवीस वरसं चाललाय, सायेब अजून हितंच हाय. ह्यो दिवाळीपतुर कसा सुधरंल?”

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आमचे घरमालक तात्या दोन गडी आणि काठ्या घेऊन दार ढकलून आत आले. तीन दिवस मास्तरांच्या घरातून ‘आई गं, आई गं’ ऐकू येतंय, कुणीतरी मास्तरांना बडवतंय, अशी गावात बातमी होती. आत बघतात तर चौघे जण चार भिंतींकडे तोंडं करून मुकाट उभे, आणि मधोमध खंड्या दामल्यांच्या पंच्यावर बसलेला!

“आवं मास्तर, मारनारा कुठाय?”

कुणीच उत्तर दिलं नाही. तीस व्हायचे होते.

तात्यांनी थोडा वेळ वाट पाहिली. मग गड्यांना म्हणाले, “चला रं. शाळा काढायची घाई केली आपुन!”

दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटली की पोरं मठाच्या कट्ट्यावर येऊन बसायला लागली. फुकटचा तमाशा कोण सोडणार?

*

एकदा दामल्यांच्या अंगठ्याला खंड्याचा दात लागला आणि रक्ताचा थेंब आला. दामले पांढरे पडले. पिसाळलेलं कुत्रं, पोटात चौदा इंजेक्शनं, सगळं त्यांना तोंडपाठ होतं. अंगठा सातदा साबणानं धुऊन ते पहिल्या सर्व्हिस मोटारीनं सांगलीला डॉक्टरकडे गेले.

डॉक्टरांनी विचारलं, “कुत्रं कुणाचं?”

“आमचंच. पिल्लू आहे.”

“खातंपितं?”

“माझी वहाणसुद्धा खाल्ली!”

“मग दहा दिवस त्याच्यावर नजर ठेवा. त्याला काही झालं तर लगेच या. नाही झालं तर घाबरायचं कारण नाही.”

दामल्यांनी हे अक्षरशः घेतलं. वर्गात जाताना खंड्याला टोपलीत घालून नेलं. रूपं म्हणताना एक डोळा पोरांवर, एक टोपलीवर. रात्री खंड्या त्यांच्या खाटेशी. आधी कुत्र्याची सावली पडली तर आंघोळ करणारे दामले पाचव्या दिवशी त्याला वाटीनं दूध पाजत होते आणि सातव्या दिवशी त्याच्या कानातल्या गोचिडी काढत होते.

अकराव्या दिवशी मी म्हटलं, “दामले, मुदत संपली. सुटलात!”

दामले खंड्याला मांडीवर घेऊन बसले होते. म्हणाले, “डॉक्टर काही देव नव्हेत. आणखी दहा दिवस बघावं म्हणतो.”

*

असहकारानं निम्मं काम झालं. पण दात शिवशिवतात ते काही पाप नव्हे, त्यांना काहीतरी हवंच. हवालदारानं नारळाचं सोडण, म्हणजे वरची केसाळ साल, दोरीनं बांधून दिलं. बोटाकडे तोंड आलं की बोट काढायचं आणि सोडण पुढे करायचं. चार आठवड्यांत खंड्या आनंदला की आपणहून सोडण शोधायला पळायला लागला. मला तर वाटलं, जिंकलो.

त्याच सुमारास शाळेच्या मंडळाचे अध्यक्ष भेटीला आले. पटांगणात सतरंजी घातली, शाल आणि शेंडीवाला नारळ त्यांच्या हातात दिला, मोठे सर भाषणाला उभे राहिले. इतक्यात खंड्या कुठूनसा आला, थेट अध्यक्षांच्या मांडीशी गेला आणि दोन हातांत धरलेला नारळ शेंडीला धरून हलकेच ओढून घेऊन गेला. अध्यक्षांचे हात तसेच हवेत.

मी पुढे धावलो. त्यांची बोटं उलटसुलट तपासली. एक ओरखडा नव्हता!

“बघितलंत सर?” मी सगळ्यांदेखत ओरडलो. “बोटाला दात नाही!”

“आणि नारळाचं काय?” मोठे सर म्हणाले.

“नारळ अटीत नाही!”

*

आता जो किस्सा सांगायचा तो मला आवडत नाही. पण गाळला तर पुढचा खोटा ठरेल.

त्या महिन्यात मी एक लेख लिहीत होतो. विषय: शिक्षेशिवाय शिक्षण. पंधरा पानं झाली होती. मंगळवारी शाळेतून येतो तर खंड्यानं त्यातली नऊ पानं फाडून खाटेखाली अंथरली होती. मी उरलेली ओढली. त्याला तो खेळ वाटला. तो झोंबला आणि माझ्या हाताला दात लागला.

‘आई गं’ म्हणायला मी विसरलो. थोबाडीत दिली. चांगली जोरात.

खंड्या ओरडलाही नाही. खाटेखाली गेला आणि तिथून माझ्या हाताकडे बघत राहिला. चेहऱ्याकडे नव्हे, हाताकडे.

दारात हवालदार उभा होता. बाकी घरात कुणी नव्हतं. त्यानं आत येऊन पानं गोळा केली.

“बर्मात माझं एक खेचर चावरं हुतं,” तो म्हणाला. “मी बी एकदा दिली. मग चार दिस माझ्या हातनं पाणी पीत नव्हतं. त्या उन्हात, मास्तर! दुसऱ्या कुणाच्या बी हातनं प्यायचं.”

“मग?”

“मग काय. चार दिस बादली घिऊन हुबा ऱ्हायलो.” जाता जाता म्हणाला, “मी काय बगितलं न्हाई. तुमचं तुमी बगा.”

शुक्रवारपर्यंत खंड्या माझ्या हातून भाकरी घ्यायला लागला. शनिवारी त्याची परीक्षा होती.

*

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मोठे सर मठात आले. सुट्टीला अजून पाच दिवस होते. धोतराचा सोगा मुद्दाम मोकळा सोडला होता. कट्ट्यावर पोरं मावत नव्हती. सर सतरंजीवर बसले, सोगा हलवला. खंड्या दोन उड्या मारून थांबला. सरांनी बोटं त्याच्या तोंडापुढे नाचवली. त्यानं एक बोट तोंडात घेतलं. दामल्यांनी डोळे मिटले. खंड्यानं बोट जरा वेळ तसंच धरलं, सोडून दिलं आणि सोडण आणायला पळाला.

सरांनी बोट धोतराला पुसलं. “हरलो,” ते म्हणाले. “तुमची पद्धत खरी. न मारता जमतं.”

पोरांनी ओरडायला सुरुवात केली. माने मला मिठी मारायला आले.

“सर,” मी म्हणालो, “मी मंगळवारी त्याला मारलं. एकदा.”

 हवालदार चुलीकडे वळला.

“कुणी पाहिलं?” सरांनी विचारलं.

“ते महत्त्वाचं नाही.”

“खरंय.” सर उठले. त्यांना आनंद झालेला दिसला नाही. “अट अट असते. छडी राहील. विषय पुन्हा काढू नका.”

“आवं सर, हा कुठला न्याव!” माने उसळले. “खरं बोलला म्हणून हरला का त्यो?”

“हो,” सर म्हणाले आणि चपला घालून निघून गेले.

माने रात्रीपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. झोपताना म्हणाले, “लय शाना हायस!” त्यात कौतुक नव्हतं.

*

सोमवारी दुसऱ्या तासाला मी इतिहास शिकवत होतो. शेजारच्या वर्गात मोठ्या सरांचं गणित. मधे भिंत नव्हती, बांबूचा तट्टा होता आणि त्याला बोटभर फट होती. तट्ट्यापलीकडून सरांचा आवाज आला, “उदाहरणं का केली नाहीस? हात पुढे कर.” मग छडीचा आवाज.

“आई गं!” पोरगं ओरडलं.

त्यानंतर बाकं करकरली. एक नाही, सगळी. मी फटीला डोळा लावला. वर्गातली चाळीसच्या चाळीस पोरं बाकांवर उलटी वळून बसली होती. सरांकडे पाठी, तोंडं मागच्या भिंतीकडे. कुणी हसत नव्हतं.

सर फळ्यापाशी उभे होते, छडी हातात.  सवयीनं मी मनात मोजायला लागलो. तीस झाले. कुणी वळलं नाही. साठ झाले.

सरांनी छडी टेबलावर ठेवली. खुर्ची उचलली. बाकांच्या मधल्या वाटेनं चालत ती वर्गाच्या मागच्या टोकाला नेली, भिंतीला टेकवून ठेवली आणि पोरांसमोर तिच्यावर बसले. चष्मा पुसला. पुस्तक उघडलं.

“हं,” ते म्हणाले. “पान त्रेचाळीस. उदाहरण सहावं.”