कोळी गोब्बर

आई गेली त्याच वर्षी मी नागपूर सोडलं. कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात मी प्रयोगशाळा सहायक होते, ती नोकरी आधीच सुटली होती. लग्न केलेलं नव्हतं. जुन्या ओळखीच्या एका प्राध्यापकांनी बंगळूरचं काम सुचवलं. आनेकलच्या बाजूला काही शेतांत रासायनिक खत बंद करून सेंद्रिय खत घालत होते आणि त्यामुळे मातीतले बारीक जीव किती वाढतात हे तीन वर्षं मोजायचं होतं. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून न कंटाळता बसणारं माणूस त्यांना हवं होतं. तेवढं मला येत होतं. वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी मी दोन बॅगा घेऊन बोम्मसंद्र्यात एका खोलीत राहायला आले.

आमच्या मजल्यावर सगळ्या कारखान्यात जाणाऱ्या मुली. कुणी ओडिशाची, कुणी तमिळ. त्या पाळीवरून येत, भात शिजवत, झोपत. जिन्यात भेटल्या की "आंटी" म्हणून हसायच्या आणि बाजूला सरकून मला वाट द्यायच्या. त्यापुढे बोलायला आमच्याकडे भाषा नव्हती. सकाळी बसमध्ये कंडक्टरला मी "आनेकल" म्हणायचे. कधी कधी संध्याकाळी परत येताना लक्षात यायचं की दिवसभरात तोंडातून निघालेला तो एकच शब्द आहे.

कामाची जागा म्हणजे गावाबाहेरच्या एका इमारतीतली खोली. भिंतीला लागून पत्र्याची नरसाळी मांडलेली, प्रत्येकावर एक दिवा, प्रत्येकाखाली मद्यार्काची बाटली. शेतातून आलेली मातीची वडी नरसाळ्यातल्या जाळीवर उपडी ठेवायची आणि दिवा लावायचा. माती वरून तापत, सुकत जाते. आतले जीव ओलाव्याच्या शोधात खाली खाली सरकतात आणि शेवटी बाटलीत पडतात. चार दिवसांनी ती बाटली मी बशीत ओतायचे आणि मोजायला बसायचे. त्यात स्प्रिंगटेल असत, पोटाखाली दुमडलेल्या शेपटीनं उडी मारणारे पांढुरके किडे, राईच्या दाण्याहूनही लहान. आणि माइट असत, कोळ्याच्या जातीचे आठ पायांचे, टिंबाएवढे जीव. आपल्याकडे शेतीत माइटला कोळीच म्हणतात, मीही तेच म्हणायचे.

चार शेतांची माती येई. ती आणून देणारा शेतगडी पन्नाशीचा होता. दर पंधरवड्याला मोपेडवर डबे लावून यायचा. त्याला फक्त कन्नड येई, मला ती येत नव्हती. डबे ठेवायचा, सही घ्यायचा, जायचा. एकदा मात्र तो थांबला. चौथ्या शेताच्या डब्यावर बोट ठेवून त्यानं मला काहीतरी सांगितलं. कळलं नाही म्हणून मी मान हलवली तसं त्यानं पुन्हा, सावकाश सांगितलं, "कोळी गोब्बर."

गोब्बर म्हणजे गोबर, शेणखत, एवढं मला कळलं. आणि कोळी तर माझाच शब्द. या माणसानं खतात कोळी पाहिले आणि आठवणीनं मला येऊन सांगितलं, असं मला वाटलं. इतक्या महिन्यांत माझ्या कामाबद्दल कुणी आपणहून बोललं नव्हतं. मी त्याला हाताला धरून सूक्ष्मदर्शकाशी नेलं, बशीतला एक गोल, तपकिरी, चकचकीत कोळी दाखवला आणि म्हटलं, "हा. कोळी." त्यानं बराच वेळ पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, "सरी, सरी" म्हणाला, बरं बरं अशा सुरात, आणि निघून गेला. मी नोंदवहीत लिहिलं: चौथ्या शेतात खतामध्ये कोळी दिसल्याचं शेतगड्यानं सांगितलं. त्या संध्याकाळी मी जरा जास्तच पोहे केले आणि शेजारच्या मुलींना नेऊन दिले.

त्यानंतरच्या तीन खेपा चौथ्या शेताच्या बाटल्या जवळजवळ रिकाम्या निघाल्या. बाकीच्या शेतांत शेणखतानं जीव वाढत होते, बशी नुसती भरून जायची. चौथ्यात दोन-चार कोळी, स्प्रिंगटेल एकही नाही. काम पाहणाऱ्या मॅडम माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, दिल्लीकडच्या, माझ्याशी हिंदीत बोलायच्या. त्यांनी आधी दिवा गेला होता का विचारलं. मग मद्यार्क उडून गेला होता का विचारलं. शेवटी, जरा अडखळत, म्हणाल्या की एकदा डोळे तपासून घ्या, तोवर चौथ्याच्या बाटल्या दुसऱ्या कुणाकडून मोजून घेऊ. त्यांच्या मनात वाईट नव्हतं. मी मारतहळ्ळीला डोळ्यांच्या दवाखान्यात जाऊन आले. चष्म्याचा नंबर होता तोच होता. पण तसं मॅडमना सांगावंसं वाटलं नाही. दोन दिवस मी नुसत्या बाटल्या धुतल्या.

रविवारी मी एकटीच त्या शेतावर गेले. वड्या नेमक्या कुठून काढल्यात ते बघावं म्हणून बांधापासून पावलं मोजत निघाले. मोजताना मला मराठीच लागते, आणि तिथे ऐकायला कुणी नाही म्हणून मोठ्यानं मोजत होते. अठ्ठावीस, एकोणतीस, तीस. नाचणीच्या पलीकडून आवाज आला, "मराठी गं तू?"

साठीची एक बाई विळा घेऊन उभी होती. शेत तिचंच. मॅडमबरोबर आले तेव्हा मी तिला लांबून पाहिलं होतं, पण व्यवहार सगळा शेतगड्यामार्फत चाले, त्यामुळे बोलणं कधी झालं नव्हतं. ती म्हणाली, आम्हीपण मराठीच, पण इथलेच. तिचे वाडवडील कधी आले, कुठून आले, तिला ठाऊक नव्हतं, ठाऊक असावं असंही तिला वाटत नव्हतं. घरात बोलतात तेवढी भाषा उरली होती. सगळे तिला अक्का म्हणतात म्हणाली, मग मीही अक्का म्हटलं. कितीतरी महिन्यांनी समोर उभ्या माणसाशी मराठीत बोलत होते, आणि पहिली दोन-तीन वाक्यं माझी मलाच अडखळल्यासारखी वाटली.

मी तिला खताचं विचारलं. ती म्हणाली, गाई विकल्या, एकच ठेवलीय, तिचं शेण कुठे पुरणार. म्हणून या तुकड्याला पोल्ट्रीतून कोंबडीखत आणलं.

"कुजवलेलं?"

"कुठलं कुजवलेलं. ओलंच होतं, गरम. टाकलं त्या दिवशी डोळ्यांतून पाणी येत होतं. तुम्हाला सांग म्हणून गड्याला बजावलं होतं मी. सांगितलं नाही त्यानं?"

मी म्हटलं, तो कोळ्यांचं काहीतरी म्हणत होता.

अक्का म्हणाली, "कोळी म्हणजे कोंबडी गं. कोळी गोब्बर, कोंबडीचं खत. कन्नड येत नाही तुला?"

मी बांधावर बसले. कामाचं कोडं सुटलं होतं. कच्च्या कोंबडीखतातून अमोनियाची वाफ निघते, क्षारही फार असतात. ज्यांचं अंगच उघड्या ओल्या कातडीचं, ते स्प्रिंगटेल त्यात टिकत नाहीत. सेंद्रिय म्हटलं म्हणजे मातीतल्या प्रत्येक जीवाला मानवेल असं नसतं, हे मला पुस्तकातून माहीतही होतं. मला लागलं ते निराळंच. त्या माणसानं माझ्या किड्यांबद्दल काही सांगितलंच नव्हतं. तो कोंबडीचं खत सांगत होता आणि मी हाताला धरून त्याला कोळी दाखवला होता. परत जाताना मोपेडवर त्याला काय वाटलं असेल?

अक्कानं विळ्याच्या टोकानं थोडी माती उलटली आणि दाखवली. आत एकही गांडूळ नव्हतं. बांधाच्या कडेला उलटली तर तीन निघाली. "तिथून पळाली, इथे राहिली," ती म्हणाली. "माती थंड झाली की येतील मागे. स्वल्प बस, मजिगे देते." मजिगे म्हणजे ताक, हे तिनं पेला हातात दिल्यावर कळलं.

सोमवारी मी मॅडमना सगळं सांगितलं, माझी चूकही. नोंदवहीतल्या त्या ओळीवर एक रेघ मारून बाजूला खरं काय ते लिहिलं आणि सही केली. मॅडमनी वही दोनदा वाचली. कोंबडीखताचा तुकडा वेगळा धरून तसाच मोजत राहू, म्हणाल्या, उलट हेच कळायला हवं होतं. बाटल्या माझ्याकडे परत आल्या.

पुढे बरेच रविवार मी अक्काकडे गेले. तिनं एकदाच विचारलं, लग्न का नाही केलंस. आईचं आजारपण होतं, म्हटलं. पुन्हा तिनं तो विषय काढला नाही. आम्ही शेंगा सोलायचो. तिला माझे काही शब्द कळायचे नाहीत, मला तिचे. तेव्हा ती हातानं दाखवायची.

चौथ्या शेतात चार महिन्यांनी आधी बारीक कोळी परतले. मग एका बशीत सात स्प्रिंगटेल सापडले. मी ते तीनदा मोजले. वर्ष संपता संपता त्या मातीत इतर तिन्ही शेतांपेक्षा जास्त जीव होते. कोंबडीखत मुरलं होतं आणि त्यावर वाढलेली बुरशी खायला ते आले होते. अक्काला हे दाखवायचं म्हणून एक छोटी बाटली भरून मी शेतावर गेले, तर घराला कुलूप होतं. गुडघे दुखतात म्हणून मुलगी तिला म्हैसूरला घेऊन गेली होती. जमीन फुलांच्या शेतीसाठी दुसऱ्याला करायला दिली होती. आमचा करार होता म्हणून चौथा तुकडा तेवढा तसाच ठेवला होता.

शेजाऱ्यांकडून नंबर घेऊन मी फोन केला. अक्काला फोनवर नीट ऐकू येत नव्हतं, तिनं तो मुलीला दिला. मुलीला मराठी समजत होती, बोलता येत नव्हती. मी सावकाश सांगितलं की मातीतले जीव परत आलेत, तुमची आई म्हणाली होती तसंच झालं. ती "हूं, हूं" करत होती. मग आईला काहीतरी कन्नडमध्ये सांगताना ऐकू आलं, त्यात माझा एकही शब्द मला ओळखू आला नाही. अक्का मागून काय म्हणाली तेही कळलं नाही. मुलगी म्हणाली, "आयतु, आंटी," म्हणजे बरं, झालं, आणि तिनं फोन ठेवला.