टिकली आणि सरकारी पलंग

किस्से कुणी जमवत नाही, ते आपोआप साचतात. मी ढोरांच्या दवाखान्यात कंपाउंडर म्हणून जन्म काढला, तोही चांदा जिल्ह्याच्या पार आतल्या जंगलात, लाकडाच्या डेपोवर. त्यामुळे भेटेल तो म्हणतो, "नारायणराव, वाघाचा किस्सा सांगा!" वाघाचे माझ्याकडे दोनच आहेत, आणि दोन्हीत मी झाडावर आहे. पण एका कुत्रीचे इतके साचलेत की विचारू नका. कुत्री तरी केवढी? अडीच शेरांची! हसत ऐकायला बसा, माझी ना नाही. उठताना हसत उठाल असं मात्र मी कबूल करत नाही.

*

स्वराज्य येऊन सात-आठ वर्षं झाली होती. आमच्याकडे पेशंट म्हणजे लाकूड ओढणारे बैल आणि हल्ये. हल्या म्हणजे रेडा. एकेकाचं शिंग माझ्या मांडीएवढं जाड. अशात एका सकाळी नव्या रेंजरसाहेबांची बायको हातात टॉवेल घेऊन आली. आमचे डॉक्टर वरोऱ्याकडचे, तोंडाने फटकळ. त्यांनी अंगणात पाहिलं, जनावर दिसेना.

"ढोर कुठी बांधलं, बाई?"

बाईंनी टॉवेल उघडला. आत पांढरी झिपरी पामेरियन, कपाळावर काळा ठिपका, म्हणून नाव टिकली. पलंगावरून उडी मारली आणि पुढचा पाय मोडला होता.

डॉक्टरांनी सवयीने हुकूम सोडला, "नारायण, डांबर गरम कर!"

बैलाच्या मोडलेल्या पायाला आम्ही डांबराची पट्टी बांधायचो आणि वरून बांबूच्या कामट्या. माझा डांबराचा डबाच टिकलीच्या दुप्पट होता. तो पाहून बाई रडायला लागल्या. शेवटी मी खराट्याच्या काड्या तासल्या, कापूस लावला आणि पट्टी बांधली. डॉक्टरांनी तो पाय दोन बोटांत काचेच्या काडीसारखा धरला होता. म्हशीच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून पिल्लू फिरवणारा माणूस तो!

काम झाल्यावर घाम पुसत म्हणाले, "बाई, हत्ती आणा, पण हे नका आणू! पाय जुळेल. पण पुन्हा उडी मारली आन पाठ मोडली, तं माह्याच्यानं काई होणार नाई."

बाई जाताना मला हळूच म्हणाल्या, "साहेब महिन्यातून वीस दिवस दौऱ्यावर असतात हो. हिच्याशिवाय इथं मी बोलू कुणाशी?" नागपूरच्या भरल्या घरातली पंचविशीतली पोर, आणि शेजार म्हणजे सागाचे ओंडके. मला फार वाईट वाटलं.

*

आता तो पलंग. डेपोतल्या अस्सल सागाचा, कमरेएवढा उंच! आमच्याकडे पलंग उंचच लागतो. खाली मण्यार फिरते, आणि जमिनीवर निजलेला माणूस सकाळी उठेलच असं नाही. पलंग केला होता डेपोचे सुतार रहीमभाई यांनी. पन्नाशीचा माणूस, लाकडाशी जास्त बोलायचा आणि माणसांशी कमी.

बाई त्यांना म्हणाल्या, "रहीमभाई, पाय कापून पलंग ठेंगणा करून द्या."

रहीमभाईंनी कानाला हात लावले. "तोबा! बाई, पायाच्या बुडाशी सरकारी नंबर हाय. नंबर कापला का माही नोकरी कापली!"

साहेबांना विचारलं, तर ते म्हणाले, "एका खेळण्यासाठी सरकारी फर्निचर कापायचं? आणि साप आला तर?" साहेब पुण्याकडचे, शिस्तीचे. सापाचं त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं.

मग रहीमभाईंनी पलंगाला लावायला पायऱ्या केल्या. चार पायऱ्या, सागाच्याच. आठ दिवस घासून घासून असं पॉलिश दिलं की तोंड दिसावं! टिकलीने पहिल्या पायरीवर पाऊल ठेवलं आणि सर्रकन घसरून भिंतीपर्यंत गेली.

रहीमभाई तिथेच उभे होते. त्यांनी वाकून पायरीवरचे नखांचे ओरखडे पाहिले आणि म्हणाले, "तीस वर्सं माणसासाठी काम केलं. माणूस हात फिरवून पाह्यते, म्हणून गुळगुळीत करतो. हिले तं नखं हाय!"

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच त्या पॉलिशवर खिळ्यांनी गोणपाट ठोकलं. ठोकताना त्यांचं तोंड पाहवत नव्हतं.

*

गोणपाटावरून टिकली चढायला शिकली. पण उतरताना पायऱ्या कशासाठी असतात हे तिच्या डोक्यातच येईना. चढायची पायऱ्यांनी आणि उतरायची हवेतून!

डॉक्टरांनी तोड काढली. "पलंगाभोवती तणस पसरा. हल्या आजारी पडला का आपण काय करतो? तेच!"

आम्ही गाडीभर तणस, म्हणजे भाताचा पेंढा, नेऊन साहेबांच्या बेडरूममध्ये गुडघाभर पसरलं. टिकली खूश. चार दिवसांत उंदीर आले. उंदरांच्या मागून काय येतं ते जंगलात कुणाला सांगावं लागत नाही. सहाव्या दिवशी तणसातून हातभर लांब धामण निघाली. नेमके त्याच दिवशी साहेब दौऱ्यावरून परतले. दारात उभं राहून त्यांनी खोली पाहिली.

"छान! आता पलंग बाहेर काढा आणि इथे बैलच बांधा!"

*

हा पुढचा माझा. सांगायची लाज वाटते, पण साचलेल्यातला तोही एक आहे.

ढोरांत जन्म गेलेल्या माणसाला एकच उपाय सुचतो, दावं! मी एक मऊ कापडी पट्टी शिवली आणि टिकलीला पलंगाच्या उशाशी बांधून दिलं. बाईंना ऐटीत म्हणालो, "आता कुठी जाते!" बैल दाव्याला हिसका देऊन गप बसतो. टिकली बैल नव्हती. बाई स्वयंपाकघरात गेल्या, आणि तिने उडी मारली. पट्टी जमिनीपर्यंत पुरणारी नव्हती.

बाई दुधाची वाटी घेऊन खोलीत आल्या, तेव्हा ती अधांतरी लटकत होती. जीभ काळीनिळी. आणखी थोडा उशीर झाला असता तर संपलंच होतं. बाईंनी मला एका शब्दाने बोल लावला नाही. दुसऱ्या दिवशी ती पट्टी धुऊन, घडी घालून माझ्याकडे परत पाठवली. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ती पट्टी अजून माझ्या पेटीत आहे.

*

शेवटी युक्ती बाईंनाच सापडली. प्रत्येक पायरीवर पोळीचा तुकडा! वरच्या पायरीवरचा खाल्ला की खालचा दिसतो, तो खाल्ला की त्याखालचा. तीन आठवडे बाई रोज पलंगाशी बसून हेच करत होत्या. आणि एक दिवस टिकली पोळीशिवाय उतरली. एकेक पायरी, नव्या सुनेसारखी जपून. बाईंनी आम्हा तिघांना बोलावून दाखवलं. डॉक्टर म्हणाले, "वा! आमचा एक हल्याही इतकं नाई शिकत!" त्या दिवशी बाईंनी सगळ्यांना शिरा दिला. बाईंना मोठ्याने हसताना मी पहिल्यांदा पाहिलं.

मग पावसाळा लागला. साहेब भामरागडकडे दौऱ्यावर गेले आणि नदी चढली. बारा दिवस ना माणूस ना निरोप. टिकली दिवसभर पलंगावर खिडकीकडे तोंड करून बसायची. साहेब तिला खेळणं म्हणायचे, जवळ घ्यायचे नाहीत, पण तिचा जीव त्यांच्यावरच जास्त होता. कुत्र्याच्या जातीला हिशेब कळत नाही.

तेराव्या दिवशी दुपारी फाटकाशी जीपचा हॉर्न वाजला. साहेब मुद्दाम दोनदा वाजवत, म्हणजे घरात कळावं. टिकली पायऱ्या विसरली.

*

तिच्या मागच्या दोन्ही पायांतला जीव गेला होता. पुढचं अंग जसंच्या तसं, शेपटी मात्र मेलेली. डॉक्टरांनी दोनदा तपासलं. फटकळ माणूस, पण खाली पाहून बोलला, "साहेब, एक सुई देऊन टाकतो. तिले काई समजणार नाई."

साहेब म्हणाले, "नाही."

एवढंच! आणि तिला उचलून घेतलं. साहेबांनी तिला हातात घेतलेलं मी तेव्हाच पाहिलं.

टिकलीला उचललं की कळ लागायची, म्हणून तिचं गोधडीचं अंथरूण पलंगाच्या कडेला जमिनीवर घातलं. ती खाली कण्हायची आणि बाई वरून हात सोडायच्या. हात पोचायचा नाही. मग बाई जमिनीवर निजायला लागल्या. आम्ही सगळ्यांनी मण्यारीची भीती घातली. त्यांनी ऐकलं नाही.

*

दोन-तीन दिवसांनी साहेब रहीमभाईंच्या शेडमध्ये आले. मी तिथे खुंटा करून घ्यायला गेलो होतो. साहेबांच्या हातात एक दोरा होता, त्याला मधे एक गाठ.

"रहीमभाई, करवत द्या."

"मी येतो ना साहेब. काय कापाचं हाय?"

"तुम्ही यायचं नाही. फक्त करवत द्या."

रहीमभाईंनी दोऱ्याकडे पाहिलं. "हे कायचं माप हाय?"

साहेबांनी दोऱ्याचं टोक खांद्याला लावलं आणि गाठीपर्यंत हात खाली सोडून दाखवला. रहीमभाईंनी भिंतीवरची सगळ्यात चांगली करवत काढली, दात तपासले, तेल लावलं आणि दिली. मग न राहवून विचारलं, "आन साप निंगला तं?"

"टिकली भुंकेल," साहेब म्हणाले.

पुढच्या आठवड्यात मी औषध द्यायला बंगल्यावर गेलो. पलंग हातभर उंच उरला होता. बाई दुपारच्या आडव्या झाल्या होत्या, हात खाली सुटलेला, आणि टिकली त्या हातावर मान टाकून झोपली होती. पलंगाच्या ठेंगण्या पायावर सरकारी नंबर नव्याने लिहिला होता, पांढऱ्या रंगात, वाकडातिकडा. कधी हातात ब्रश न धरलेल्या माणसाचं ते अक्षर होतं.

*

टिकली हिवाळाभर जगली. संक्रांतीनंतर गेली. बंगल्यामागच्या मोहाच्या झाडाखाली तिला पुरलं. खड्डा मी खणला. उन्हाळ्यात साहेबांची ट्रान्सफर झाली.

नवे रेंजरसाहेब चार्ज घ्यायला आले. तरुण, जंगलाचं शिक्षण घेऊन आलेले, झाडाची साल पाहून वय सांगणारे. फर्निचरची लिस्ट हातात घेऊन ते खोल्याखोल्यांतून फिरत होते. रहीमभाई आणि मी मदतीला होतो. बेडरूममध्ये पलंगाशी येऊन ते थांबले. गुडघ्यावर बसून पायाचं कापलेलं बूड चाचपलं. मग लिस्ट वाचली. पलंगापुढे जुन्या साहेबांच्या हातचा शेरा होता.

"'चारही पाय वाळवीने खाल्ले, सबब कमी केले.'" त्यांनी मोठ्याने वाचलं आणि मान वर केली. "सुतार, हा पलंग तुम्ही केलात ना? लाकूड कोणतं?"

"साग, साहेब. आतल्या गाभ्याचा."

"मग सागाच्या गाभ्याला वाळवी लागते?"

रहीमभाईंनी पलंगाच्या कडेवरून एकदा हात फिरवला.

"लागते, साहेब," ते म्हणाले. "कवा कवा लागते."